मिसिसिपीचा गाळ

अमेरिकेतल्या लुइझियाना राज्याचा किनारा वर्षानुवर्षं समुद्रात चालला आहे. पण वॅक्स लेकच्या मुखाशी मात्र जमीन वाढते आहे. मॉर्गन सिटीला पुराचा धोका नको म्हणून १९४०च्या दशकात तिथे नदीचं पाणी समुद्राकडे नेणारा एक कालवा खणला गेला. १९७३च्या महापुरानंतर त्याच्या तोंडाशी साचलेला गाळ पाण्यावर आला, त्यावर गवत आणि विलोची झाडं उगवली. खाजण तयार करणं हा त्या कालव्याचा हेतूच नव्हता!

इतरत्र चित्र उलटं आहे. १९३२ ते २०१६ या काळात राज्याची सुमारे ५,००० चौरस किलोमीटर जमीन गेली, म्हणजे मुंबईच्या आठपट. हा सगळा प्रदेश मिसिसिपी नदीने हजारो वर्षं आणलेल्या गाळाचा. असा भुसभुशीत गाळ आपल्याच वजनाने खचत राहतो. दर पुरात नवा थर बसला तरच जमीन पाण्यावर टिकते. १९२७च्या महापुरानंतर नदीला दोन्ही काठांनी उंच बांध घातले गेले आणि हा थर बसणं थांबलं. वरच्या धरणांनीही गाळ अडवला. त्यात तेल कंपन्यांनी खाजणांतून हजारो किलोमीटर कालवे कापले. त्यांतून खारं पाणी आत शिरलं, गोड्या पाण्याचं गवत मेलं. मुळं कुजली की माती धरून ठेवणारं काही उरत नाही.

१९९०मध्ये संघराज्य सरकारने खाजणं वाचवण्यासाठी कायदा केला. २००५च्या कॅटरिना वादळानंतर राज्याने स्वतंत्र प्राधिकरण नेमलं. तळातला गाळ उपसून नळांनी खाजणात टाकायचा, हा त्यांचा नेहमीचा उपाय. जमीन लगेच दिसते, पण तीही खचतेच.

म्हणून बांधाला दरवाजे बसवून नदीचं गढूळ पाणी बॅरटारियाच्या खाजणात सोडायचं ठरलं. मेक्सिकोच्या आखातातल्या २०१०च्या तेलगळतीच्या भरपाईतून पैसा मिळाला, २०२३मध्ये काम सुरू झालं. खर्च सुमारे ३ अब्ज डॉलरवर गेला, कालव (ऑयस्टर) आणि कोळंबीवर जगणाऱ्या मच्छीमारांनी विरोध केला, आणि जुलै २०२५मध्ये राज्याने प्रकल्प रद्द केला.

मच्छीमारांची भीती खरी होती. गोड्या पाण्याचा लोंढा आला तर कालवं मरतात. पण कोळंबीची पिल्लं वाढतात तीही याच खाजणांत, आणि ही खाजणंच बुडत आहेत. प्रकल्पात मच्छीमारांच्या नुकसानीसाठी तरतूद होती. ती हवी तर वाढवायची होती. काम थांबवायला नको होतं.