पेज, बांगडा आणि मेटफॉर्मिन

मालवणजवळच्या आमच्या गावात काकीकडे सकाळी उकड्या तांदळाची पेज होते. मधुमेहाच्या दोन्ही गोळ्या ती वर्षानुवर्षं त्या पेजेबरोबरच घेत आली. गेल्या वर्षी कुणीसं सांगितलं म्हणून तिने पेज बंद केली, दुपारचा भात मूठभरावर आणला, ताटात बांगडा आणि भाजी वाढवली. चौथ्या दिवशी पहाटे तिला दरदरून घाम फुटला, हात थरथरायला लागले. साखर निघाली 58, म्हणजे फारच कमी. पहिली गोळी मेटफॉर्मिनची, तिचा यात दोष नव्हता. दुसरी गोळी ग्लिमेपिराइडची होती, आणि ती स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायलाच लावते. भात गेला तरी तिचा डोस तसाच राहिला होता. पथ्य आणि औषध एकमेकांशी न बोलता चालले की असं होतं. ते असे वेगळे कधी झाले, हे समजायला जरा मागे जावं लागतं.

सुरुवातीला पथ्य हेच औषध होतं. सुश्रुतसंहितेत प्रमेहाचे, म्हणजे मधुमेह ज्यात येतो त्या लघवीच्या विकारांचे, दोन प्रकार आहेत: जन्मजात आणि अपथ्यामुळे होणारा. चरकाने प्रमेहात जव खायला सांगितले. युरोपात 1797 च्या सुमारास जॉन रोलो या डॉक्टरने एका लष्करी कॅप्टनला जवळजवळ मांसाहारावरच ठेवलं आणि त्याच्या लघवीतली साखर उतरली. 1870-71 च्या वेढ्यात पॅरिसला अन्नाची टंचाई झाली, तेव्हा बूशार्दा या डॉक्टरांना आपल्या रुग्णांच्या लघवीतली साखर कमी झालेली दिसली. गोड आणि पिष्टमय पदार्थ कमी करायला ते आधीपासूनच सांगत होते.

मग 1921 मध्ये टोरोंटोत इन्सुलिन सापडलं. मरणाच्या दारातली मुलं वाचली, आणि त्यापुढे आहाराचं महत्त्व मागे पडणं स्वाभाविकच होतं. पण 1936 मध्ये लंडनच्या हॅरल्ड हिम्सवर्थने दाखवलं की काही रुग्णांवर इन्सुलिनचा नीट परिणामच होत नाही. त्यांच्यात उणीव इन्सुलिनची नसते, शरीर त्याला दाद देत नसतं. गंमत म्हणजे कर्बोदकं जास्त खाल्ली तर शरीर इन्सुलिनला चांगली दाद देतं, असंही त्याच हिम्सवर्थचं निरीक्षण होतं. कमी भात की जास्त भात हा वाद म्हणजे आजचा नाही.

गोळीचं मूळ एका वनस्पतीत आहे. गॅलेगा ऑफिसिनॅलिस ही युरोपातली जुनी औषधी, तिच्यात ग्वानिडीनसारखे घटक असतात. त्याच कुळातलं मेटफॉर्मिन 1922 मध्ये डब्लिनला तयार झालं, 1929 मध्ये सशांची साखर त्याने उतरवली, आणि नंतर ते बाजूला पडलं. 1957 मध्ये पॅरिसच्या ज्याँ स्टर्न या डॉक्टरने ते माणसांवर वापरून पाहिलं. ते मुख्यतः यकृतातून रक्तात सुटणारी साखर कमी करतं. एकट्याने दिलं तर साखर सहसा फार खाली जात नाही. त्याचं भावंड फेनफॉर्मिन मात्र रक्तात लॅक्टिक आम्ल साचवतं म्हणून 1970 च्या दशकाअखेर अमेरिकेत बंद झालं. त्या सावलीमुळे मेटफॉर्मिनलाही अमेरिकेत मंजुरी मिळायला 1994 उजाडलं. पुढे ब्रिटनच्या 1998 च्या मोठ्या अभ्यासाने त्याला पहिल्या पसंतीचं औषध केलं.

आता आपल्याकडे या. 2004 मध्ये पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी ब्रिटनमधल्या सहकाऱ्यासोबत लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात एक साधं चित्र मांडलं: दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, सारखाच, पण भारतीय माणसाच्या अंगात चरबी कितीतरी जास्त. वरून बारीक, आतून जाड. काकी तशीच आहे, हाडकुळी, म्हणून तिला मधुमेह असेल असं कुणाला वाटलं नव्हतं. 2023 च्या देशव्यापी आयसीएमआर-इंडियाब अभ्यासात मधुमेहाचं सर्वाधिक प्रमाण गोव्यात आढळलं, 26.4 टक्के, देशाचं 11.4. हे आपल्याच किनाऱ्याचं आहे.

मग पथ्य आणि गोळी दोन्ही एकत्र केलं तर? चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांच्या पथकाने मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या 531 जणांवर ते तपासलं आणि 2006 मध्ये निष्कर्ष मांडले. जीवनशैली बदलल्याने धोका 28.5 टक्क्यांनी घटला, मेटफॉर्मिनने 26.4 टक्क्यांनी, आणि दोन्ही मिळून 28.2 टक्क्यांनी. बेरीज झालीच नाही. मात्र हे मधुमेह नसलेल्यांचं आहे, त्यातला आहारही कडक कमी-कर्बोदकांचा नव्हता. मधुमेह झालेल्यांत ताटातली पिष्टं घटली की गोळ्या कमी करता येतात, हे दवाखान्यात रोज दिसतं. म्हणून डोस ठरवणाऱ्याला ताट माहीत हवं. लघवीवाटे साखर बाहेर टाकणारी एसजीएलटी2 गटातली गोळी चालू असेल तर जास्तच काळजी, कारण कर्बोदकं एकदम तोडल्यास साखर फारशी न चढताही रक्तात कीटोन, म्हणजे चरबी जळताना तयार होणारी आम्लं, साचू शकतात.

मला वाटतं, कोकणी माणसाला यासाठी परकं काही खायचंच नाहीये. बांगडा, सुकट, अळू, कुळीथ हे आपलंच. भात मुळात शेतात राबणाऱ्याचा होता. राबणं गेलं, टोप तेवढाच राहिला. नाचणी चांगली, पण तीही पिष्टच, हे विसरू नये.

काकीची ग्लिमेपिराइड डॉक्टरांनी निम्मी केली. पेज परत आली, अर्धी वाटी. सोबत भाजलेली सुकट. साखर ती आठवड्यातून तीनदा पहाटे बघते आणि आकडा कालनिर्णयच्या चौकटीत, अमावस्येच्या शेजारी, शिसपेन्सिलीने लिहून ठेवते.