छऱ्याची बंदूक, वीस जूल आणि तित्तर

छऱ्याच्या बंदुकीला परवाना लागत नाही, म्हणून तिने पाखरे मारायलाही हरकत नाही, असा समज पुण्यातल्या सुशिक्षित घरांतूनही आढळतो. मोबाईलवर दिसणाऱ्या परदेशी चित्रफितींनी तो अधिकच घट्ट केला आहे. इंग्लंडमध्ये पिकांची नासधूस करणारी रानकबुतरे हवेच्या रायफलीने टिपणे ठरावीक अटींवर कायदेशीर आहे आणि छऱ्याची ऊर्जा १२ फूट-पौंड, म्हणजे सुमारे १६ जूल, या मर्यादेत ठेवणाऱ्या रायफलीला तेथे परवाना लागत नाही. आपल्याकडे मात्र या बाबतीत दोन वेगळे कायदे आहेत. एक बंदुकीकडे पाहतो, दुसरा पाखराकडे, आणि पहिल्याने दिलेली सूट दुसऱ्यापुढे चालत नाही.

पहिल्याचा निकष निखळ भौतिकशास्त्राचा आहे. शस्त्र नियम, २०१६ नुसार नळीचा व्यास ४.५ मिलिमीटरपर्यंत आणि नळीच्या तोंडाशी छऱ्याची ऊर्जा २० जूलपर्यंत असेल, तर परवाना लागत नाही. यांपैकी एक मर्यादा ओलांडली तरी तो लागतो, त्यामुळे ५.५ मिलिमीटरची रायफल कितीही मवाळ असली तरी परवान्याच्या कक्षेत येते. ऊर्जेचे सूत्र शाळेतलेच आहे: निम्मे वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग. अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला २०० मीटर वेगाने सुटला तर ऊर्जा १० जूल भरते. वेग २८० मीटरवर नेला, म्हणजे चाळीसच टक्के वाढवला, की ती जवळजवळ दुप्पट होऊन २० जूलला टेकते. खोक्यावर छापलेले भरमसाट वेग पुष्कळदा हलक्या मिश्रधातूचे छर्रे वापरून मिळवलेले असतात, तेव्हा त्यांवरून बंदुकीची ताकद जोखू नये.

ही ऊर्जा येते कोठून, हा यातला सर्वांत सुरस भाग. जत्रेत फुगे फोडायला मिळते ती बंदूक हवेची म्हणवली जात असली, तरी तिच्यात आधीपासून दाबलेली हवा नसते. नळी बिजागरीपाशी मोडून खाली ओढताना आपण एक जाड पोलादी स्प्रिंग दाबतो आणि तिच्यापुढचा दट्ट्या मागे अडकवतो. चाप ओढताच दट्ट्या सुटतो आणि सिलिंडरमधली साधी, वातावरणाच्याच दाबाची हवा पुढे रेटतो. छर्रा लगेच हलत नाही, कारण त्याची मऊ शिशाची कड नळीत घट्ट बसलेली असते. तोवर त्याच्यामागे कोंडलेली हवा दाबली जाऊन तापते. सारा प्रकार काही सहस्रांश सेकंदांत उरकत असल्याने तापलेल्या हवेला आपली उष्णता धातूच्या भिंतींना द्यायला वेळच मिळत नाही. सायकलचा पंप हवा भरताना गरम होतो, त्याचेच हे उग्र रूप. उष्णता मुळीच बाहेर न जाता हवा मूळ आकारमानाच्या विसाव्या हिश्शात कोंबली गेली असे धरले, तर तिचे निरपेक्ष तापमान २० च्या ०.४ व्या घाताइतक्या पटीने, म्हणजे सुमारे ३.३ पट वाढते. २७ अंश सेल्सिअसची, अर्थात ३०० केल्विनची हवा क्षणात ७०० अंश सेल्सिअसच्या पुढे जाते. दाब २० च्या १.४ व्या घाताने वाढून सुमारे ६६ पट होतो. तापमान स्थिर राहिले असते तर तो २० पटींवरच थांबला असता. (०.४ आणि १.४ हे आकडे हवेच्या दोन विशिष्ट उष्मांच्या गुणोत्तरातून येतात. घातांकांचा कंटाळा असणाऱ्यांनी हा कंस ओलांडून पुढे जावे.) एवढ्या तापमानाला सिलिंडरमध्ये राहिलेले तेल ठिणगीवाचून पेट घेते, अगदी डिझेल इंजिनात घडते तसे, आणि मग प्रत्येक छर्रा वेगळ्याच वेगाने सुटतो.

नेमकेपणाची अडचणही येथेच उद्भवते. दट्ट्या पुढे धावतो तेव्हा बंदूक मागे सरकते, कोंडलेल्या हवेवर तो थबकतो तेव्हा ती पुढे झेपावते, आणि ही ओढाताण चालू असताना छर्रा अजून नळीतच असतो. सेकंदाला २०० मीटर वेगाने सुटलेला छर्रा ३० मीटरवर पोहोचेपर्यंत १३-१४ सेंटीमीटर खाली येतो आणि सुमारे पाव हिस्सा ऊर्जा गमावतो. अंतराचा अंदाज पाच मीटरने चुकला तर नेम तीनेक सेंटीमीटर हुकतो, आणि तित्तराचे हृदय व फुप्फुसे मिळून जागाच काही सेंटीमीटरची. लाव्याची तर त्याहून कमी. पूर्वी ही पाखरे एकाच बारात अनेक छर्रे पसरवणाऱ्या बारा बोअरच्या बंदुकीने मारत, त्यामागे हेच कारण होते. एकुलत्या छऱ्याने पाखरू बहुधा जायबंदी होऊन झुडपात शिरते आणि मारणाऱ्याच्या हाती लागतही नाही. पाखरे मारण्याला औषधाचे निमित्तही दिले जाते: अर्धांगवायूवर पारव्याचे रक्त चोळण्याचा अघोरी उपाय अजूनही सांगितला जातो. त्याने मेंदूतला रक्तपुरवठा सुधारत नाही, आणि छऱ्याने मारलेल्या पाखराच्या मांसातून पोटात जाऊ शकते ते शिसे, ज्याचे कोणतेही प्रमाण निर्धोक मानले जात नाही.

दुसरा कायदा म्हणजे वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२. मूळ कायद्यात लहान शिकारीचा स्वतंत्र परवाना होता, त्यामुळे जुन्या पिढीच्या शिकारीच्या आठवणी खोट्या नाहीत. १९९१ च्या दुरुस्तीने परवान्यांची ती सोय संपली. तित्तर आणि लावे या कायद्याच्या अनुसूचीत, म्हणजे संरक्षित प्राण्यांच्या यादीत, आहेत. शिकारीची व्याख्याही व्यापक आहे: मारणे, जखमी करणे, सापळ्यात पकडणे, अंडी किंवा घरटी विस्कटणे, इतकेच नव्हे तर यांचा प्रयत्न करणेही तिच्यात येते. म्हणजे नेम चुकला, पाखरू उडून गेले, तरी गुन्हा उरतोच. २०२२ च्या दुरुस्तीनंतर सर्वसाधारण गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्यासाठी शिक्षा किमान तीन वर्षांची आहे. गुन्ह्यात वापरलेले आणि जप्त झालेले हत्यार सरकारजमा होते, मग ते बिनपरवान्याचे चालणारे का असेना.

नेमबाजीची हौस असेल तर बालेवाडीच्या क्रीडानगरीत दहा मीटरची रेंज आहे. स्पर्धेच्या रायफली सात-साडेसात जूलच्याच असतात, त्यांत स्प्रिंगऐवजी आधीच दाबून भरलेली हवा असल्याने धक्का जवळजवळ बसत नाही, आणि लक्ष्यावरच्या दहा गुणांच्या ठिपक्याचा व्यास असतो अर्धा मिलिमीटर.