नव्या वहीसोबत: कोरी ठेवू नका

ही वही आमच्या बेळगावच्या दुकानात हातानं शिवलेली आहे. सोळा पृष्ठांचा एक फर्मा, असे बारा फर्मे, म्हणजे १९२ पृष्ठं. जुजबंदी, म्हणजे फर्म्यांची शिवण, सुती दोऱ्याची, त्यामुळं वही मधोमध उघडली तरी सपाट बसते, पानं सुटत नाहीत. खळ मैद्याची, त्यात चिमूटभर मोरचूद; झुरळं आणि कसर लांब राहतात. (मोरचूद विषारी असतं. घरात रांगतं मूल असेल तर वही त्याच्या तोंडापासून दूर ठेवा. हसू नका, एकानं अर्धा कोपरा खाऊन आणला होता.)

मालाची माहिती इथं संपली. बाकीचं पत्रक या वहीत काय लिहायचं त्याबद्दल आहे.

मागच्या पावसाळ्यात शहापूरच्या एक काकू अशीच एक वही दुरुस्तीला घेऊन आल्या. पुठ्ठा ओलीनं फुगला होता. आत बघितलं तर पहिल्या पानावर ‘श्री’, खाली नाव, आणि पुढं सगळं कोरं. सहा वर्षांपूर्वी नेलेली वही. विचारलं तर म्हणाल्या, “चांगलं काहीतरी सुचलं की लिहायचं म्हणून ठेवली होती की.” आम्ही पुठ्ठा बदलून दिला, पण मनाला लागलं. आमची वही साड्यांच्या घडीत ठेवायची गोष्ट नाही.

तेव्हापासून गिऱ्हाइकांना आम्ही एकच सांगतो: चांगलं सुचायची वाट बघू नका. कानावर पडलेलं आधी उतरवा. आपल्या घरांत कविता कधी कागदावर सुरू झाली नाही. ती जात्यावर सुरू झाली. ‘पहिली माझी ओवी’ म्हणत आमच्या आजीनं दळण संपेपर्यंत माहेर, भाऊ, पंढरी, सासूचा स्वभाव सगळं त्यात घातलं, आणि जातं थांबलं की गाणंही थांबलं. तिनं स्वतःला कवयित्री म्हटलं नाही. दळणाला ताल हवा होता, एवढंच.

आधी वाचायचं, तेही मोठ्यानं

कविता डोळ्यांनी वाचली की ती बातमीसारखी सरकून जाते. ओठ हलले पाहिजेत. खानापूर भागात, बेळगाव तालुक्यातल्या गावांत पारायण बसतं तेव्हा हेच होतं. ज्ञानेश्वरी इ.स. १२९० मधली, अठरा अध्याय, नऊ हजारांच्या आसपास ओव्या. तिचा सगळा अर्थ कळलेला माणूस मांडवात एखादाच असेल. तरी पहाटे बसलेल्यांच्या जिभेवर ती ओवी चढते, आणि अर्थ मागाहून, कधी कधी दहा वर्षांनी, भात लावताना उमगतो. घरी दुपारची भांडी झाल्यावर एक कविता दोनदा वाचा. पहिल्यांदा नुसती. दुसऱ्यांदा जिथं आवाज आपोआप हळू झाला त्या ओळीखाली पेन्सिलीची बारीक खूण करा. ‘कवीला काय म्हणायचे आहे’ हा प्रश्न परीक्षेचा. घरात त्याची गरज नाही.

वाचायला आणायचं कुठून, असं विचारतात. बेळगावचं सार्वजनिक वाचनालय १८४८ सालचं आहे. पावणेदोनशे वर्षं उघड्या असलेल्या दाराबद्दल आम्ही वेगळं काय सांगायचं?

आणि आपल्याच गावच्या कवितेपासून सुरुवात करा. इंदिरा संत (१९१४–२०००) यांचं लहानपण निपाणीजवळच्या तवंदीत गेलं. पुढं त्या बेळगावात राहिल्या, इथंच शिकवलं, इथंच लिहिलं. १९४६ साली पती गेले. घर, मुलं, नोकरी सांभाळत त्यांची कविता छोटी छोटी होत गेली आणि तितकीच धारदार. १९८४ मध्ये साहित्य अकादमीचा पुरस्कार त्यांना मिळाला, तोही इथं राहूनच. पुण्या-मुंबईला गेल्याशिवाय लिहिता येत नाही असं म्हणणाऱ्याला आम्ही हे उदाहरण देतो, आणि मग तो गप्प चहा पितो.

मग मोजायचं

लिहिण्याची सगळ्यात सोपी चौकट आपल्याकडं आधीच आहे: अभंग. मोठ्या अभंगाच्या एका कडव्यात चार चरण. पहिल्या तिघांत सहा-सहा अक्षरं, चौथ्यात चार. दुसरा आणि तिसरा चरण यमकानं जुळतो. जोडाक्षर एकच धरायचं, ऱ्हस्व-दीर्घाचा हिशेब नाही. बोटांवर मोजता येतं, म्हणून पोळ्या लाटतानाही जमतं.

आषाढात दुकानात बसल्या बसल्या आम्ही केलेला हा एक:

पाऊस थांबेना
वाळेना कापड
चुलीशी पापड
मऊ झाले

पहिली ओळ आधी ‘पाऊस काही थांबेना’ अशी आली होती. मोजली तर आठ अक्षरं. ‘काही’ काढला, ओळ सहावर आली, आणि पाऊस जास्त लागला. मोजण्याचा फायदा हाच. तुम्ही अक्षरं कमी करायला बसता आणि फुकटचे शब्द आपणहून उठून जातात. लग्नपत्रिका छापणाऱ्यांनी हा नियम पाळला तर आमचा निम्मा कागद वाचेल, पण ते असो.

आता दुसरा. हा आमचा नाही. खानापूरला रोज ये-जा करणाऱ्या एका गिऱ्हाइकानं बसमध्ये ऐकलेलं तिकिटाच्या मागं टिपलं आणि उतरल्यावर वहीत लिहिलं:

खानापूर बस,
पिशवी धरा की,
पुढं सरका की,
मुंदे होग्री!

यात त्याचा स्वतःचा शब्द जवळजवळ नाही. ‘पुढं सरका की’ म्हणालेली एक म्हातारी, ‘मुंदे होग्री’ म्हणालेला कंडक्टर. दोघांचं म्हणणं एकच, भाषा दोन, आणि अक्षरं मोजली तर अभंगात चपखल. आम्ही हा कागदावर लिहून गल्ल्याच्या मागं चिकटवला आहे.

इथं एक शंका हमखास येते: “आमचं बोलणं शुद्ध नाही, कन्नड मिसळतं, ते कसं लिहायचं?” जसं येतं तसं लिहा. आपल्या बोलण्यातला ‘की’ पुसून टाकलात तर वाक्य पुण्याचं होईल आणि माणूस खोटा वाटेल. पानसुपारीच्या तबकातला अडकित्ता बघा; कन्नडमध्ये सुपारीला अडके म्हणतात, ती त्या शब्दात सरळ बसलेली आहे आणि तो शब्द परका आहे असं कुठल्या आजीला वाटलं नाही. धारवाडच्या द. रा. बेंद्र्यांच्या घरात मराठी बोलत आणि त्यांच्या कन्नड कवितेला १९७३ चं ज्ञानपीठ मिळालं. भाषांच्या भिंती नकाशावर उंच असतात. बाजारात त्यांच्यावर भाजीच्या पाट्या ठेवलेल्या असतात.

ज्यांना कविता नको त्यांच्यासाठी

हेही चालतं. आमच्या जुन्या गिऱ्हाइकांनी वह्या कशाकशाला वापरल्या ते सांगतो. येळ्ळूरच्या एका शेतकऱ्यानं वर्षभर फक्त बासमतीच्या शिवारात आलेल्या पक्ष्यांची नावं लिहिली. ज्यांची नावं माहीत नव्हती त्यांना स्वतःच नावं दिली. त्यातला एक पक्षी ‘उसनवाऱ्या’ आहे, कारण तो रोज येतो आणि काहीतरी घेऊन जातो. एका बाईंनी डाव्या पानावर रोजचं वाणसामान आणि उजव्या पानावर दुकानदाराशी झालेलं बोलणं लिहिलं. वर्षअखेरीला डावीकडची पानं कुणी वाचली नाहीत, उजवीकडची घरात हातोहात फिरली.

आम्हाला सगळ्यात आवडलेली वही दोघांनी मिळून लिहिलेली आहे. नातू इंग्रजी शाळेत, मराठी बोलतो पण लिहिताना अडखळतो. आजीला ओव्या येतात, पण चष्म्याशिवाय दिसत नाही आणि चष्मा सापडत नाही. रात्री जेवणं झाल्यावर ती एक सांगते, तो लिहितो. वेलांट्या उलट्यासुलट्या आहेत. आजीला दिसत नाहीत, त्यामुळं भांडण नाही. चौथ्या फर्म्यापासून वेलांट्या आपोआप सुधारल्या आहेत, हे आम्ही शिवण बघता बघता पाहिलं.

लिहिलेलं कुणाला तरी ऐकवावंसं वाटणार. आधी घरात ऐकवा. घरचे ‘बरं आहे’ म्हणतील, तेवढं मनावर घेऊ नका. थंडीत कडोली, उचगाव, सांबरा, येळ्ळूर, कुद्रेमानी या गावांत साहित्य संमेलनं भरतात आणि तिथं गावातले लोक सतरंजीवर बसून कविता ऐकतात. त्या गर्दीत एखादी ओळ ऐकून पुढच्या रांगेतला म्हातारा मान हलवतो की नाही, ते बघा. तेवढं परीक्षण पुरतं.

वहीची निगा

पावसात वही भिंतीला टेकवून ठेवू नका, ओल कण्यातून चढते. भिजली तर उन्हात टाकू नका. पानांमध्ये रद्दी घालून पंख्याखाली उभी करा. पान सुटलं तर चिकटपट्टी लावू नका. ती दोन वर्षांत पिवळी पडते आणि अक्षरं घेऊन उखडते. सुटलेलं पान तसंच आणा, आम्ही शिवून देतो, पहिल्या वर्षी पैसे नाहीत. वही भरली तर पुठ्ठा टाकू नका, त्याच पुठ्ठ्यात नवे फर्मे घालून मिळतात. जुनी पानं वेगळी बांधून देतो.

घरातल्या जुन्या पोथ्या, हस्तलिखितं, आजोबांच्या वह्याही दुरुस्तीला घेतो. फक्त त्या आषाढ-श्रावणात घाईनं मागू नका. पापडासारखीच आमची खळही त्या दिवसांत वाळत नाही.