मेटल आणि पाणी

इंग्रजीत ‘मेटल’ असे दोन शब्द आहेत. उच्चार अगदी एक, स्पेलिंग वेगळं. एम-ई-टी-ए-एल म्हणजे धातू. एम-ई-टी-टी-एल-ई म्हणजे माणसातली धमक, बिकट वेळी दिसणारा त्याचा कस. पण मुळात हे दोन शब्द नव्हतेच. शब्द एकच होता.

ग्रीक ‘मेटालोन’ म्हणजे खाण. लॅटिनमध्ये तो ‘मेटालुम’ झाला आणि खाणीतून निघणाऱ्या धातूलाही चिकटला. पुढे जुन्या फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. सोळाव्या शतकात लोक तो माणसाच्या घडणीबद्दल वापरू लागले: हा गडी कसल्या धातूचा आहे? तेव्हा स्पेलिंगचे नियम सैल होते, त्यामुळे दोन्ही रूपं दोन्ही अर्थांनी लिहिली जात. शेक्सपिअरचा मॅकबेथ बायकोला म्हणतो की तुझ्या बेडर ‘मेटल’मधून फक्त मुलगेच घडावेत. (हे कौतुक राजाच्या खुनाचा बेत शिजत असताना चाललंय, ते सोडा.) अठराव्या शतकापर्यंत दोन अर्थांनी दोन स्पेलिंगं वाटून घेतली. धमकेच्या ‘मेटल’वरूनच घोड्यांसाठी ‘मेटलसम’ हे विशेषण रुळलं.

आपण त्या घोड्याला पाणीदार म्हणतो. पोलादाच्या पात्याला पाणी देतात, शत्रूला पाणी दाखवतात, माणसाचं पाणी जोखतात. इंग्रजीनं लोहाराच्या हातातला धातू उचलला, मराठीनं शेजारच्या डोणीतलं पाणी. मला आपली निवड शास्त्राला जास्त धरून वाटते, कारण एकाच पोलादाचे दोन तुकडे घेतले तरी त्यांचा कस सारखा असेलच असं नाही.

पोलाद म्हणजे लोखंड आणि त्यात थोडा कार्बन. साधारण ७२७ अंश सेल्सिअसच्या वर लोखंडाच्या अणूंची मांडणी बदलू लागते आणि नव्या मांडणीत कार्बनला भरपूर जागा मिळते. तुकडा सावकाश निवू दिला, तर मांडणी पूर्ववत होताना कार्बन बाजूला सरतो आणि पोलाद मऊच राहतं. लालबुंद तुकडा एकदम पाण्यात बुडवला, तर कार्बनला सरकायला वेळच मिळत नाही. तो जागच्या जागी अडकतो, अणूंची चौकट ताणली जाते आणि पोलाद कमालीचं कठीण होतं. या रचनेला जर्मन धातुशास्त्रज्ञ आडोल्फ मार्टेन्स यांच्यावरून ‘मार्टेन्साइट’ म्हणतात.

पण नुसतं पाणी दिलेलं पातं दगडावर आपटलं की तुकडा उडतो. कठीण असणं वेगळं आणि चिवट असणं वेगळं. म्हणून ते पुन्हा हलकं तापवायचं. याला टेंपरिंग म्हणतात. त्यात अडकलेला थोडा कार्बन सुटतो, ताण उतरतो, जराशी कठीणता जाते आणि चिवटपणा येतो. पूर्वीच्या लोहाराकडे तापमापक नव्हता. तो रंग बघायचा. घासून चकचकीत केलेल्या पोलादावर तापताना ऑक्साइडचा अतिपातळ थर चढतो. थराची जाडी वाढते तसे प्रकाशाच्या खेळामुळे रंग पालटतात. साधारण २२० ते २३० अंशांना पिवळट गवती छटा दिसते, पुढे तपकिरी, जांभळा आणि ३०० च्या आसपास निळा. धार टिकवायची तर पिवळ्यावर थांबायचं, स्प्रिंग करायची तर निळ्यापर्यंत जायचं.

पोलादाचा चिवटपणा आज प्रयोगशाळेत अक्षरशः जोखला जातो. फ्रेंच अभियंता जॉर्ज शार्पी यांच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या चाचणीत खाच पाडलेल्या छोट्या कांडीवर लंबकासारखा हातोडा सोडतात. कांडी तोडून हातोडा पलीकडे जितका कमी चढेल, तितकी जास्त ऊर्जा तिनं पचवलेली असते. थंडीत हा आकडा घसरतो, कधी कधी फारच. जानेवारी १९४३ मध्ये अमेरिकेतल्या पोर्टलंड इथे ‘स्कनेक्टडी’ हे नवंकोरं तेलवाहू जहाज थंडीत धक्क्याला शांत उभं होतं. ना वादळ, ना टक्कर. मोठा आवाज झाला आणि जहाज मधोमध दुभंगलं. वेल्डिंगमधले दोष त्याला कारण होतेच, पण सुरू झालेली भेग थोपवण्याइतका चिवटपणा थंडगार पत्र्यांत नव्हता. जहाजाच्या पोलादाची शार्पी चाचणी घेण्याचा आग्रह वाढला तो अशा अपघातांनंतर.