वाऱ्याकडे पाठ केली की विमान पडतं?

इलेक्ट्रिक आरसी (रिमोटवर उडणारं) विमान शिकणाऱ्याला कोणीतरी हमखास बजावतं: ‘वाऱ्याच्या दिशेने वळवू नकोस, मागून वारा लागला की पंखांची उचल जाते.’ हे चूक आहे.

वारा म्हणजे सगळी हवाच सरकत असते आणि विमान त्या हवेत असतं. पंखाला कळतो तो हवेच्या तुलनेतला वेग. समजा तो ताशी ४० किलोमीटर आहे आणि वारा १५चा. वाऱ्याच्या तोंडावर विमान जमिनीच्या हिशेबाने २५ने सरकताना दिसेल, वाऱ्याबरोबर ५५ने. पंखासाठी दोन्हीकडे ४०च.

मग वळणावर विमानं पडतात ती का? कारण आपण जमिनीवर उभे असतो. विमान सुसाट निघालेलं बघून रिमोटवरचा अंगठा आपसूक थ्रॉटल (मोटरची ताकद) कमी करतो, वर एलेव्हेटरही (नाक वर-खाली करणारी शेपटीची पट्टी) ओढतो. हवेतला वेग घटतो, तिरक्या वळणात पंखांवर भार वाढलेलाच असतो (६० अंश कललं तर दुप्पट), आणि एक पंख झपकन खाली जातो. स्टॉल (हवेतला वेग अपुरा पडून पंखांची उचल तुटणं) आपण केला, नाव वाऱ्याचं!

उड्डाण आणि उतरणं मात्र वाऱ्याच्या तोंडावरच करायचं, तो सल्ला बरोबर आहे; तिथे जमिनीवरचा वेग कमी लागतो. फक्त जमिनीलगत वारा मंदावतो, म्हणून उतरताना समोरचा वारा अचानक कमी होऊन विमान बसू शकतं. तेव्हा थ्रॉटल थोडा जास्त ठेवा.

वळण्याचा सराव उंचीवर करा, नजर जमिनीवरच्या वेगाऐवजी नाकावर ठेवा आणि थ्रॉटलला हात लावू नका.