क्वेबेकचा स्वातंत्र्यवाद

कॅनडाच्या पूर्व भागातील क्वेबेक या फ्रेंच भाषक प्रांताने कॅनडातून बाहेर पडून स्वतंत्र राष्ट्र व्हावे, असे मानणारी राजकीय विचारसरणी व तिच्यातून उभी राहिलेली चळवळ. क्वेबेकचे क्षेत्रफळ सुमारे १५.४ लाख चौ. किमी. असून लोकसंख्या ९० लाखांच्या आसपास आहे. त्यांतील सुमारे तीन चतुर्थांश लोकांची मातृभाषा फ्रेंच आहे. स्वातंत्र्याच्या प्रश्नावर १९८० आणि १९९५ मध्ये सार्वमत घेण्यात आले. दोन्ही वेळा चळवळ हरली. दुसऱ्या वेळी एक टक्क्याच्या आसपास मते फिरली असती, तर निकाल उलटा लागला असता. प्रांतिक पातळीवर पार्ती केबेक्वा (स्थापना १९६८) आणि संघराज्याच्या संसदेत ब्लॉक केबेक्वा हे तिचे मुख्य पक्ष होत.

या चळवळीकडे पिचलेल्या, दरिद्री जनतेचे बंड म्हणून पाहिले, तर ती समजत नाही. क्वेबेकला स्वतःचे विधिमंडळ, फ्रेंच परंपरेतला स्वतःचा दिवाणी कायदा, प्राप्तिकर खाते, प्रचंड मोठी सरकारी वीज कंपनी आणि १९९१ च्या करारापासून आर्थिक कारणासाठी येणारे स्थलांतरित निवडण्याचा अधिकार आहे. भारतीय वाचकाला भाषावार प्रांतरचना आठवेल. पण भाषिक बहुसंख्येचा प्रांत क्वेबेकला कॅनडाचे संघराज्य स्थापन झाले तेव्हा, १८६७ मध्येच मिळाला होता. आपल्याकडे प्रश्न सुटला असे जिथे मानले गेले, तिथून क्वेबेकचा प्रश्न सुरू होतो. घरात बहुसंख्य, पण राज्यसंस्थेत कायमचा अल्पसंख्य अशा समाजाने किती काळ इतरांच्या बहुमतावर भरवसा ठेवायचा, हा त्याचा गाभा.

पार्श्वभूमी : साम्युएल द शांप्लें याने १६०८ मध्ये सेंट लॉरेन्स नदीकाठी क्वेबेक शहर वसवले. १३ सप्टेंबर १७५९ रोजी शहराबाहेरच्या अब्राहमच्या पठारावर इंग्रजांनी फ्रेंच फौजेचा पराभव केला. लढाई तासाभरातच आटोपली, दोन्ही सेनापती तिच्यात कामी आले आणि १७६३ च्या पॅरिस तहाने वसाहत ब्रिटिशांकडे गेली. फ्रेंच भाषक या घटनेला आजही नुसते ‘विजय’ म्हणतात, म्हणजे दुसऱ्याने आपल्यावर मिळवलेला. दक्षिणेकडच्या अमेरिकन वसाहती खदखदत असल्यामुळे ब्रिटिशांनी १७७४ मध्ये फ्रेंच दिवाणी कायदा व कॅथलिक धर्माचे स्वातंत्र्य मान्य केले. लुई-जोझेफ पापिनो यांच्या नेतृत्वाखाली जबाबदार शासनाची, म्हणजे विधिमंडळाला उत्तरदायी सरकारची, मागणी वाढली. तिचे पर्यवसान १८३७-३८ च्या उठावात झाले आणि तो मोडून काढण्यात आला. त्यानंतर चौकशीसाठी आलेल्या लॉर्ड डरॅम यांनी १८३९ च्या अहवालात फ्रेंच वसाहतकऱ्यांची ‘ना इतिहास, ना वाङ्मय असलेले लोक’ अशी संभावना केली आणि त्यांना इंग्रजी समाजात विरघळवून टाकण्याची शिफारस केली. त्यासाठी फ्रेंच बहुसंख्य ‘खालचा कॅनडा’ व इंग्रजी बहुसंख्य ‘वरचा कॅनडा’ या दोन वसाहती एकत्र करण्यात आल्या. विरघळणे काही झाले नाही. मोठी कुटुंबे, चर्चच्या शाळा आणि शेती यांच्या आधाराने हा समाज टिकला, वाढला. मात्र व्यापार, बँका आणि कारखाने इंग्रजांच्या हाती राहिले.

शांत क्रांती : १९५९ मध्ये चर्चधार्जिणे मुख्यमंत्री मोरिस द्युप्लेसी यांचे निधन झाले आणि पुढल्याच वर्षी झाँ लसाज यांच्या नेतृत्वाखाली लिबरल पक्ष सत्तेवर आला. या ‘शांत क्रांती’च्या दशकभरात शिक्षण व रुग्णालये चर्चकडून सरकारकडे आली. ‘आपल्या घरात आपण मालक’ ही १९६२ च्या निवडणुकीची घोषणा होती आणि तिचा ठोस अर्थ होता खासगी वीज कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण. ते काम पार पाडणारे मंत्री म्हणजे रेने लेवेक. युद्धवार्ताहर, मग दूरचित्रवाणीवरचे लोकप्रिय निवेदक, हातात सतत सिगारेट.

याच सुमारास संघ सरकारच्या द्विभाषिकता आयोगाने १९६१ च्या जनगणनेचे आकडे तपासले. क्वेबेकमधल्या १४ वांशिक गटांत सरासरी कमाईच्या बाबतीत फ्रेंच वंशाच्या पुरुषांचा क्रमांक बारावा लागत होता, तोही स्वतःच्याच प्रांतात. दोन्ही भाषा येणाऱ्या फ्रेंच माणसापेक्षा फक्त इंग्रजी येणारा इंग्रज जास्त मिळवत होता. भाषेचे दुखणे पगाराच्या पाकिटात दिसले, तेव्हा ते कवी-प्राध्यापकांपुरते राहिले नाही.

जुलै १९६७ मध्ये फ्रान्सचे अध्यक्ष शार्ल द गॉल यांनी मॉन्ट्रियल नगरभवनाच्या सज्जातून ‘स्वतंत्र क्वेबेक चिरायू होवो’ असे उद्गार काढले. ओटावा सरकारने जाहीर नापसंती दर्शवताच दौरा अर्धवट टाकून ते मायदेशी परतले. लेवेक यांनी त्याच वर्षी लिबरल पक्ष सोडला आणि पुढल्या वर्षी पार्ती केबेक्वा स्थापन केली.

चळवळीला हिंसेचा एक फाटाही होता. क्वेबेक मुक्ती आघाडीने १९६३ पासून बाँबस्फोट घडवले. ऑक्टोबर १९७० मध्ये तिने ब्रिटिश व्यापार अधिकारी जेम्स क्रॉस व प्रांतिक मंत्री पिएर लापोर्त यांचे अपहरण केले. लापोर्त यांची हत्या झाली. पंतप्रधान पिएर ट्रुडो यांनी युद्धकालीन उपाययोजना कायदा लागू केला आणि शेकडो लोकांना आरोप न ठेवता डांबण्यात आले. लेवेक यांनी ही हिंसा आणि ही धरपकड या दोन्हींचा धिक्कार केला. यापुढे स्वातंत्र्य मतपेटीतून येईल किंवा येणारच नाही, हे तेव्हा पक्के झाले.

स्वातंत्र्याच्या बाजूचे युक्तिवाद : पहिला संख्याबळाचा. १८६७ मध्ये कॅनडाच्या लोकसभेत १८१ पैकी ६५ सदस्य क्वेबेकचे होते, म्हणजे ३६ टक्के. २०२५ च्या निवडणुकीत ३४३ पैकी ७८, म्हणजे २३ टक्क्यांहूनही कमी. पश्चिमेकडचे प्रांत वाढत जातील तसा हा वाटा घटतच जाणार. पलीकडे अमेरिका धरली, तर तीस कोटींहून अधिक इंग्रजी भाषकांच्या शेजारात ही भाषा जगवायची आहे. अशा स्थितीत भाषेचे शेवटचे निर्णय दुसऱ्या बहुमताने नेमलेल्या न्यायालयात आणि संसदेत व्हावेत, हे स्वातंत्र्यवाद्यांना मान्य नाही.

दुसरा युक्तिवाद संविधानाचा असून माझ्या मते तोच सर्वांत भक्कम आहे. नोव्हेंबर १९८१ मध्ये ट्रुडो व दहा प्रांतांचे मुख्यमंत्री ओटावात नव्या संविधानाची बोलणी करत होते. मुख्यमंत्री या नात्याने लेवेक तिथे होते व ट्रुडोंच्या मसुद्याविरुद्ध आठ प्रांतांची फळी त्यांनी धरून ठेवली होती. रात्री ते नदीपलीकडच्या हल शहरातील हॉटेलात झोपायला गेले. इकडे परिषद भवनाच्या स्वयंपाकघरात संघाचे न्यायमंत्री झाँ क्रेतियाँ व इतर दोन प्रांतांचे मंत्री यांच्यात तडजोडीची रूपरेषा ठरली आणि रातोरात बाकीचे प्रांत तिला राजी झाले. लेवेक यांना ती सकाळी न्याहारीला कळली. क्वेबेकमध्ये ही रात्र ‘लांब सुऱ्यांची रात्र’ म्हणून ओळखली जाते. १९८२ चे संविधान क्वेबेकच्या संमतीविना लागू झाले आणि त्यानंतरच्या एकाही क्वेबेक सरकारने, कॅनडावादी सरकारांनीसुद्धा, त्याला मान्यता दिलेली नाही. कायद्याने ते क्वेबेकवर पूर्णपणे बंधनकारक आहे.

तिसरा युक्तिवाद साधा आहे : आपण राष्ट्र आहोत, आणि राष्ट्रांना राज्य असणे ही नेहमीची गोष्ट आहे. इथे तक्रार लागत नाही. सोयीचे काय आणि फायदा किती, हे प्रश्न डेन्मार्कला किंवा नॉर्वेला कोणी विचारत नाही, असे हे लोक म्हणतात. २००६ मध्ये कॅनडाच्या लोकसभेने ‘अखंड कॅनडातील एक राष्ट्र’ म्हणून क्वेबेकवासीयांना ठरावाने मान्यता दिली. तिच्यातून अधिकार मात्र कोणताही निघाला नाही.

कायदा १०१ : १५ नोव्हेंबर १९७६ रोजी पार्ती केबेक्वा ११० पैकी ७१ जागा जिंकून सत्तेवर आली. पुढच्या ऑगस्टमध्ये कामीय लोरें या मंत्र्यांनी फ्रेंच भाषेची सनद, म्हणजेच कायदा १०१, संमत करून घेतली. तोवर परदेशातून आलेली बहुतेक कुटुंबे मुलांना इंग्रजी शाळेत घालत. आता काही अपवाद वगळता त्यांना फ्रेंच शाळा सक्तीची झाली. मॉन्ट्रियलमध्ये स्थायिक होणाऱ्या मराठी कुटुंबांनाही हाच नियम लागू होतो. मोठ्या कंपन्यांत कामकाजाची भाषा फ्रेंच ठरली, दुकानांच्या पाट्या फ्रेंच झाल्या. सन लाइफ या विमा कंपनीने १९७८ मध्ये कायद्याचे कारण पुढे करून मुख्यालय टोरांटोला नेण्याचे जाहीर केले. इतरही गेले. हट्ट किती टोकाला गेला, याचा दाखला चौकाचौकांत उभा आहे : फ्रान्समधल्या थांबा-फलकावर ‘स्टॉप’ असते, क्वेबेकमधल्या फलकावर बहुधा ‘आरे’ हा ‘थांबा’ अर्थाचा फ्रेंच शब्द. २०१३ मध्ये एका इटालियन उपाहारगृहाच्या मेन्यूतील ‘पास्ता’ या शब्दावर भाषा कार्यालयाच्या निरीक्षकाने हरकत घेतली, तेव्हा जगभर हसे झाले.

पण कायदा चालला. स्थलांतरितांची मुले फ्रेंच बोलू लागली, पगारांतली दरी बुजत गेली, फ्रेंच मालकीचे उद्योग उभे राहिले. कॅनडात राहूनच हे साधले, आणि इथेच चळवळीच्या पायाखालची वाळू सरकली. ज्या भीतीने लोक स्वातंत्र्याकडे वळले होते, ती भीतीच लेवेक सरकारने कमी करून टाकली.

दोन सार्वमते : २० मे १९८० च्या सार्वमतात सरकारने थेट स्वातंत्र्य मागितले नाही. ‘सार्वभौमत्व-सहयोग’, म्हणजे वेगळे राज्य पण सामाईक चलन व आर्थिक संबंध, यासाठी वाटाघाटी करण्याची परवानगी मागितली. प्रश्न परिच्छेदभर लांब होता. विरोधी प्रचारात उतरलेले ट्रुडोही क्वेबेकचेच. त्यांच्या आईकडून आलेल्या ‘एलियट’ या इंग्रजी वळणाच्या नावावर लेवेक यांनी शेरा मारला, तो ट्रुडोंनी मॉन्ट्रियलच्या सभेत त्यांच्यावरच उलटवला. ५९.५६ टक्के लोकांनी ‘नाही’ म्हटले. ‘पुढच्या वेळी भेटू’ असेच तुम्ही मला सांगत आहात, या लेवेक यांच्या त्या रात्रीच्या भाषणातील वाक्याने सभागृह रडले.

पुढची वेळ आणली ती ‘मीच लेक’ नावाच्या संविधान-दुरुस्ती कराराच्या अपयशाने. क्वेबेकला ‘वेगळा समाज’ म्हणून संविधानात स्थान देणारा हा १९८७ चा करार तीन वर्षांत सर्व प्रांतांनी मंजूर करायचा होता. दरम्यान १९८८ मध्ये मुख्यमंत्री रोबेर बुरासा यांनी सर्वोच्च न्यायालयाचा निकाल बाजूला सारून दुकानांबाहेरच्या इंग्रजी पाट्यांवरची बंदी कायम ठेवली आणि इंग्रजी कॅनडातली सहानुभूती आटली. जून १९९० मध्ये मॅनिटोबा प्रांताच्या विधिमंडळात ओजी-क्री या आदिवासी समाजाचे सदस्य एलायजा हार्पर यांनी हातात गरुडाचे पीस धरून, आदिवासींना विचारले नाही म्हणून, करार मुदतीत चर्चेला घेण्यासाठी लागणारी सर्व सदस्यांची संमती अडवली. न्यूफाउंडलंडनेही मतदान टाळले आणि करार बुडाला. चिडलेल्या क्वेबेकमध्ये स्वातंत्र्याचा पाठिंबा निम्म्याच्या वर गेला. संघ सरकारातले मंत्रिपद सोडून आलेल्या ल्युसियाँ बुशार यांचा ब्लॉक केबेक्वा १९९३ मध्ये ५४ जागा जिंकून कॅनडाचा अधिकृत विरोधी पक्ष झाला. देश मोडू पाहणारा पक्ष त्याच देशाचा अधिकृत विरोधी पक्ष, हे दृश्य क्वचितच पाहायला मिळते.

३० ऑक्टोबर १९९५ रोजी ९३ टक्क्यांहून अधिक मतदान झाले. मतमोजणीत पूर्वेकडून ‘होय’ची आघाडी आली आणि मॉन्ट्रियलची मते मोजली जाऊ लागली तशी वितळली. अंतिम निकाल : ‘नाही’ ५०.५८, ‘होय’ ४९.४२ टक्के. फरक ५४,२८८ मतांचा होता. बाद मतपत्रिकाच सुमारे ८६,५०० होत्या. फ्रेंच भाषकांपैकी अंदाजे ६० टक्क्यांनी ‘होय’ म्हटले होते. त्या रात्री पार्ती केबेक्वाचे मुख्यमंत्री जाक पारिझो यांनी पराभवाचे खापर ‘पैसा आणि वांशिक मते’ यांच्यावर फोडले व दुसऱ्या दिवशी राजीनामा जाहीर केला. आपला राष्ट्रवाद वंशाचा नसून भाषेचा व नागरिकत्वाचा आहे, असे पक्ष वर्षानुवर्षे सांगत आला होता. त्या एका वाक्याने केलेले नुकसान अजून भरून निघालेले नाही.

आक्षेप : कॅनडाच्या कर्जातील वाटा, चलन आणि तुलनेने गरीब प्रांतांना संघाकडून मिळणारे समानीकरण अनुदान यांची चर्चा नेहमी होते, ती आकडेमोडीची आहे आणि आकडे दोन्ही बाजूंना वाकवता येतात. आदिवासींचा आक्षेप मात्र तत्त्वाचा आहे. उत्तरेकडचा विस्तीर्ण प्रदेश क्वेबेकला कॅनडाने १८९८ व १९१२ मध्ये जोडून दिला. तिथे क्री आणि इन्युइट लोक राहतात. १९९५ च्या सार्वमताच्या काही दिवस आधी क्री समाजाने स्वतःचे वेगळे मतदान घेतले आणि सुमारे ९६ टक्के लोकांनी कॅनडापासून तुटायला नकार दिला. क्वेबेक कॅनडातून फुटू शकत असेल, तर आम्ही क्वेबेकमधून का नाही, या प्रश्नाला पार्ती केबेक्वाकडून पटण्यासारखे उत्तर आलेले नाही.

कायदेशीर स्थिती : सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट १९९८ मध्ये मत दिले की क्वेबेकला एकतर्फी फुटण्याचा हक्क ना कॅनडाच्या संविधानाने आहे, ना आंतरराष्ट्रीय कायद्याने; कारण तेथील जनता वसाहतीत किंवा दडपशाहीखाली नाही. मात्र स्पष्ट प्रश्नावर स्पष्ट बहुमत मिळाले, तर उरलेल्या कॅनडाला वाटाघाटी कराव्याच लागतील. ‘स्पष्ट’ म्हणजे किती, हे न्यायालयाने राजकारण्यांवर सोडले. २००० च्या स्पष्टता कायद्याने ते ठरवण्याचा अधिकार संघाच्या लोकसभेने स्वतःकडे घेतला. क्वेबेकने प्रतिकायदा करून ५० टक्के अधिक एक मत पुरेसे असल्याचे जाहीर केले.

सद्यःस्थिती : २०१४ नंतर पार्ती केबेक्वा घसरत गेली आणि २०२२ मध्ये तिच्या अवघ्या तीन जागा आल्या. सत्ता मिळवली ती फ्रांस्वा लगो यांच्या राष्ट्रवादी, पण सार्वमत नको म्हणणाऱ्या पक्षाने. भाषा कायदा आणखी कडक करून त्याने चळवळीचा अर्धा कार्यक्रम उचलला. पार्ती केबेक्वाच्या तीन आमदारांनी राजे चार्ल्स यांच्या निष्ठेची शपथ घ्यायला नकार दिल्याने त्यांना सभागृहात प्रवेश मिळाला नाही; अखेर डिसेंबर २०२२ मध्ये ती शपथ ऐच्छिक करणारा कायदा झाला. त्यानंतर पक्षनेते पॉल सें-पिएर प्लामोंदों यांची लोकप्रियता वाढली व पहिल्याच कार्यकाळात तिसरे सार्वमत घेण्याचे वचन त्यांनी दिले. मात्र पाहण्यांमध्ये स्वातंत्र्याचा पाठिंबा बहुधा ३५ ते ४० टक्क्यांच्या आसपासच दिसतो, आणि पक्षाला मत देणारे सगळेच सार्वमतात ‘होय’ म्हणतील असे नाही.