आधी कान, मग स्क्रू ड्रायव्हर: स्वस्त इलेक्ट्रिक गिटारचे विचित्र आवाज

मे महिन्यात म्हापशात किंवा मडगावात घेतलेली स्वस्त इलेक्ट्रिक गिटार चवथ जवळ येईपर्यंत कुरकुरायला लागते. एखादी तार सतारीसारखी झणझणते, अ‍ॅम्प लावला की घूं सुरू होते, आवाजाचा नॉब फिरवला की खर्र होते. ‘स्वस्तातली आहे, पिकअपच वाईट असणार’ असे म्हणून लोक नवे पिकअप (तारांचे कंप विजेत बदलणारे भाग) मागवतात आणि ते बसवल्यावरही खर्र तशीच राहते. दोष बहुधा तिथे नसतोच. अशा गिटारमधले लाकूड, चुंबक आणि तांब्याची तार बऱ्यापैकी कामाची असते. कारखान्याने वाचवलेला असतो तो कारागिराचा वेळ: फ्रेट, म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या, घासून एका पातळीत आणण्याचा, नटच्या, म्हणजे खुंट्यांजवळ तारा धरणाऱ्या पट्टीच्या, खाचा मोजून कापण्याचा, आतल्या पोकळीला तांब्याचे अस्तर लावण्याचा, सोल्डरिंगचे डाग नीट देण्याचा. हा राहून गेलेला वेळ आपण घरी देऊ शकतो. त्यासाठी एक मल्टीमीटर, ४० वॉटपर्यंतचे सोल्डरिंग आयर्न, अर्धा मिलिमीटर दाखवणारी स्टीलची पट्टी आणि गॅरेजवाले स्पार्क प्लगसाठी वापरतात ते फीलर गेज एवढे पुरते.

पहिली कसोटी फुकट आहे. केबल काढा, पंखा बंद करा आणि गिटार तशीच वाजवा. विचित्र आवाज तरीही येत असेल तर दोष लाकडात, तारेत किंवा एखाद्या सैल स्क्रूत आहे. वायरिंगला हात लावू नका. केबल काढल्यावर आवाज गेला, तर तो विजेच्या बाजूचा. या दोन वाटा एकदा वेगळ्या केल्या की निम्मे काम झाले. आणखी एक बारकावा: केबलशिवाय ऐकू येणारी हलकी झणझण अ‍ॅम्पमधून अजिबात ऐकू येत नसेल, तर तिच्यामागे लागू नये. तारा फ्रेटच्या जवळ ठेवल्या की थोडी झणझण येतेच, आणि पिकअपला ती फारशी कळत नाही.

जवारी नको तिथे

गोव्यात तंबोरा न ऐकलेला माणूस विरळा. त्याच्या घोडीवर तार एका टोकदार कडेवरून न जाता किंचित उताराच्या सपाटीवरून जाते. कंप पावताना ती त्या सपाटीला निसटता स्पर्श करत राहते आणि त्यामुळे वरचे स्वरांश जागे होतात. मिरजेचे कारागीर घोडी घासून ही जवारी बसवतात आणि वादक सुताचा दोरा सरकवून ती खुलवतो. तुमच्या गिटारची मोकळी, म्हणजे न दाबलेली, तार सतारीसारखी वाजते तेव्हा नेमके हेच घडत असते, फक्त नको त्या जागी. नटची खाच पुढच्या बाजूला, म्हणजे फ्रेटबोर्डाकडे, सर्वांत उंच हवी आणि खुंट्यांच्या दिशेने उतरती हवी. घाईत कापलेल्या नटमध्ये ती सपाट किंवा उलट्या उताराची असते.

खात्री करायला तीच तार पहिल्या फ्रेटवर दाबून वाजवा. झणझण गेली तर दोष नटचा. आता तार तिसऱ्या फ्रेटवर दाबा आणि पहिल्या फ्रेटवर किती फट उरते ते पाहा. साधा कागद जेमतेम सरकेल एवढी हवी. तार पहिल्या फ्रेटला टेकलेलीच असेल तर खाच जास्त खोल गेली आहे. खाचेत चिमूटभर खाण्याचा सोडा दाबून त्यावर झटपट चिकटणाऱ्या गोंदाचा एक थेंब टाकला की क्षणात दगडासारखा थर बनतो. मग बारीक कानशीने खाच पुन्हा काढावी. शेजारचे लाकूड आधी टेपने झाकून घ्या, कारण हा गोंद पॉलिशवर सांडला तर डाग जात नाही. या दुरुस्तीवर वर्षभर निभावते. पुढे हाडाचा नट बसवलेला बरा.

झणझण मोकळ्या तारेत नसून दाबलेल्या स्वरांत असेल, तर मान तपासावी लागते. गिटारची मान अगदी सरळ नको. कंप पावणारी तार मध्यभागी सर्वांत जास्त फाकते, म्हणून मानेला तिथे किंचित खोलगटपणा हवा. जाड तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर एकाच वेळी दाबा, म्हणजे तारेचीच सरळ पट्टी तयार होते. सातव्या-आठव्या फ्रेटवरची फट फीलर गेजने मोजा. सुमारे ०.२५ मिलिमीटर असावी. फट शून्य असेल तर मान अगदी सरळ आहे किंवा मागे वाकली आहे आणि झणझण पहिल्या चार-पाच फ्रेटवर ऐकू येईल. अर्धा मिलिमीटर असेल तर ती पुढे वाकली आहे, तारा बोटांना उंच लागतील.

पावसाळ्याचा संबंध इथे येतो. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवेतली आर्द्रता कित्येक दिवस ८५ टक्क्यांच्या वर राहते. लाकूड ओल पिऊन आडवे फुगते, पण मानेचे आणि फ्रेटबोर्डाचे लाकूड निराळे असेल तर दोन्ही सारखे फुगत नाहीत. म्हणून एक गिटार पावसात पुढे वाकते तर दुसरी मागे. अंदाज न बांधता मोजणे हाच उपाय. मानेच्या आत ट्रस रॉड नावाची लोखंडी सळई असते. समोरून पाहताना तिच्या टोकाचा नट (तारांच्या खाचांचा नव्हे) घड्याळाच्या दिशेने फिरवला की ती ताणली जाते आणि फट कमी होते. उलट फिरवला की वाढते. एका वेळी पाव फेऱ्याहून जास्त नको, आणि प्रत्येक वेळी तारा सुरात लावून पुन्हा मापा. किल्ली अचूक मापाचीच हवी, कारण स्वस्त गिटारमध्ये सळईचा हा नट मऊ असतो आणि एकदा झिजला की किल्ली त्यात फिरतच राहते. जोर लावूनही हलत नसेल तर तिथेच थांबून कारागिराकडे न्या.

मान नीट झाल्यावरच ब्रिजवर, म्हणजे गिटारच्या अंगावर तारा टेकतात तिथे, त्यांची उंची बदला. बाराव्या फ्रेटवर जाड तारेखाली २ मिलिमीटर आणि बारीक तारेखाली १.६ मिलिमीटर ही सुरुवातीची चांगली मापे. एवढ्यावरही एकाच ठिकाणी, समजा नवव्या फ्रेटवर, स्वर खुंटत असेल तर दहावा फ्रेट वर उचलला गेला आहे. तीन फ्रेटवर बसेल एवढा स्टीलचा तुकडा ठेवून हलवा. मधला उंच असेल तर तो झुल्यासारखा हलेल. फ्रेट घासणे मात्र अनुभवाचे काम आहे. त्याचे पैसे आनंदाने द्यावेत.

बाकीचे यांत्रिक आवाज शोधायला सोपे. बोट फिरवत जा: खुंट्यांचे स्क्रू, ब्रिजवर तार पेलणाऱ्या सॅडलचे स्क्रू, ढिली ट्रस रॉड. ज्यावर बोट ठेवताच आवाज थांबतो तो चोर. ट्रेमोलोच्या (दांडीने हलणाऱ्या ब्रिजच्या) मागच्या स्प्रिंगा स्वतःच गुणगुणत असतील तर त्यांच्याखाली स्पंजचा तुकडा सरकवा.

घूं कोणत्या जातीची

पिकअपची रचना साधी आहे: चुंबक आणि त्याभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे काही हजार वेढे. चुंबकाजवळची लोखंडी तार हलली की वेढ्यांत विद्युतदाब निर्माण होतो. मायकेल फॅरडेने १८३१ मध्ये दाखवलेले तत्त्व हेच. पण गिटारची तार आणि घरातल्या वायरिंगचे ५० हर्ट्झ यांत पिकअप भेद करत नाही. जे बदलते चुंबकीय क्षेत्र समोर येईल ते तो उचलतो.

म्हणून दुसरी कसोटी. अ‍ॅम्प चालू ठेवा, नॉब पूर्ण उघडा आणि तारांना हात लावा. घूं कमी झाली तर गिटारचे जोड ठीक आहेत, फक्त आतल्या पोकळीला अस्तर नाही. पुष्कळांना वाटते की आपल्या शरीराने गिटारला अर्थ, म्हणजे जमिनीशी विजेचा जोड, मिळाला. खरे उलट आहे. शरीर भिंतीतल्या वायरिंगचे विद्युत क्षेत्र पकडून अँटेनासारखे वागते आणि ते पिकअपपर्यंत पोचवते. तारांना हात लावताच गिटारच शरीराला जमिनीशी जोडते. तारांना लावून फरक पडला नाही, पण केबलच्या प्लगच्या धातूला लावल्यावर आवाज कमी झाला, तर ब्रिजला जाणारी अर्थची वायर तुटली आहे. आणि हात लावल्यावर घूं वाढली, तर जॅकच्या, म्हणजे केबल खोचतो त्या जागेच्या, दोन वायरी उलट जोडल्या असण्याची शक्यता मोठी. मल्टीमीटरचे एक टोक ब्रिजला आणि दुसरे केबलच्या मोकळ्या प्लगच्या बाह्य नळीला लावा. रोध १ ओहमच्या आसपास किंवा कमी दिसायला हवा.

आता जागेवरच हळूहळू फिरा. एका दिशेला तोंड केल्यावर घूं जवळजवळ नाहीशी होत असेल, तर ती चुंबकीय जातीची आहे, एखाद्या ट्रान्सफॉर्मरमधून येणारी. तिला तांब्याचे अस्तर अडवत नाही. अ‍ॅम्पपासून दीड-दोन मीटर दूर बसणे किंवा दोन उलट वेढ्यांचा हंबकर पिकअप वापरणे, एवढेच मार्ग. सेथ लव्हर यांनी गिब्सन कंपनीसाठी १९५५ मध्ये या रचनेच्या पेटंटचा अर्ज केला. दोन कॉइल उलट दिशेने गुंडाळलेल्या, चुंबकांची टोकेही उलट. त्यामुळे तारेचा आवाज बेरजेत येतो आणि बाहेरची घूं वजाबाकीत जाते.

दिशा बदलूनही न बदलणारी, अंगात काटेरी झर्र असलेली घूं बहुधा पंख्याच्या इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरची किंवा एलईडी दिव्याची. एकेक बटण बंद करून पाहा. पावसात वीज गेल्यावर ती अचानक दुप्पट होत असेल तर इन्व्हर्टर पाहा. स्वस्त इन्व्हर्टर गुळगुळीत लाटेऐवजी चौकोनी लाट देतो, आणि चौकोनी लाटेच्या कडांत वरच्या कंपनसंख्या भरलेल्या असतात.

अस्तर लावताना गोंदही वीज वाहून नेणारा असलेली तांब्याची टेप घ्या. पोकळीचा तळ, भिंती आणि पिकगार्डची, म्हणजे समोरच्या झाकणपट्टीची, मागची बाजू झाका, पट्ट्या ५ मिलिमीटर एकमेकींवर चढवा आणि एका वायरने सगळे व्हॉल्यूमच्या पोटच्या (नॉबखालच्या पोटेन्शिओमीटरच्या) पाठीशी डाग देऊन जोडा. स्वयंपाकघरातला अ‍ॅल्युमिनियमचा कागद नको, त्यावर डाग धरत नाही. झाकण लावल्यावर गिटार एकदम मुकी झाली तर घाबरू नका: जॅकची टोकाची पट्टी तांब्याला टेकते आहे. तिथे इन्सुलेशन टेप चिकटवा.

यात एका गोष्टीवर तडजोड नको. घूं कमी होते म्हणून अ‍ॅम्पच्या प्लगची तिसरी, अर्थची पिन कधीही तोडू नये. जांभ्या दगडाच्या पठारावर पाणी टिकत नाही. उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा सुकतो आणि त्याचा रोध वाढतो. अशा घरात अर्थ आधीच कमकुवत असतो. तारांना टेस्टर लावा. तो पेटला तर गिटार बाजूला ठेवा आणि वायरमनला बोलवा. १९७२ साली वेल्समधल्या स्वॉन्झी शहरात लेस हार्वे हा स्कॉटिश गिटारवादक मंचावरच विजेच्या धक्क्याने गेला; गिटार हातात असताना त्याने अर्थिंग नसलेल्या मायक्रोफोनला हात लावला होता. चवथीच्या मांडवात ओली जमीन, लांबवलेल्या वायरी आणि मायक्रोफोन एकत्र येतात. तिथे ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच प्रवाह तोडणारा स्विच, हवाच.

खर्र, शीळ आणि किरटा आवाज

नॉब फिरवताना येणारी खर्र म्हणजे पोटच्या कार्बनच्या पट्टीवरचा मळ. खाऱ्या हवेत तो लवकर धरतो. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातला कॉन्टॅक्ट क्लीनर पोटच्या वायरी जोडायच्या पायांच्या वरच्या फटीतून क्षणभर फवारून नॉब तीसेक वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. गंज सोडवणारे तेलकट फवारे इथे वापरू नयेत. त्यांचा थर राहतो आणि धूळ धरतो. केबल हलवली की कट-कट होत असेल तर आधी दुसरी केबल लावून पाहा, मग जॅकची पट्टी किंचित आत वाकवा.

आवाज अचानक बारीक आणि किरटा झाला तर केबल गिटारला लावून मोकळ्या टोकावर रोध मोजा, नॉब पूर्ण उघडे ठेवून. सिंगल कॉइल, म्हणजे एकाच गुंडाळीच्या, पिकअपसाठी ५ ते ७ हजार ओहम ही नेहमीची मर्यादा. आकडा लाखांत गेला तर पिकअपची तार आत तुटली आहे, आणि तेव्हा मात्र नवा पिकअप घेणे योग्य. जास्त गेनवर (अ‍ॅम्पने सिग्नल फार वाढवल्यावर) कर्कश शीळ येत असेल तर स्क्रू ड्रायव्हरने पिकअपवर हलकेच टकटक करा. टकटक मायक्रोफोनसारखी ऐकू आली तर वेढे आत सैल आहेत. जाड तार अंगाजवळच्या फ्रेटवर दोन स्वरांत भांडल्यासारखी डुलत असेल, तर पिकअप फार जवळ आहे आणि चुंबक तारेला ओढतो आहे. शेवटचा फ्रेट दाबून जाड तारेखाली २.४ आणि बारीक तारेखाली २ मिलिमीटर अंतर ठेवा.

नवा पिकअप बसवल्यावर तो एकटा छान वाजतो, पण दुसऱ्याबरोबर लावताच आवाज पोकळ होतो, असे घडले तर दोघे उलट फेजमध्ये आहेत, म्हणजे एकाची लाट वर असताना दुसऱ्याची खाली असते. एकाच्या दोन वायरींची अदलाबदल करा. त्या पिकअपला धातूचे झाकण असेल तर त्याचा अर्थ आधी त्या वायरीपासून सोडवून वेगळ्या वायरने पोटच्या पाठीवर न्या, नाहीतर झाकण सिग्नलच्या बाजूला जाते आणि बोट लागताच अ‍ॅम्प ओरडतो.